सहा बायका, एक सुई

गीतांजलीचं मलम दिसायला लोण्यासारखं होतं, आणि तिथंच सगळी पंचाईत होती. बिघडलेल्या मलमानं निदान पाणी सोडावं, म्हणजे माणसाला कळतं तरी! हे बेटं टिकाऊपणाच्या चाचणीसाठी तीन महिने चाळीस डिग्रीच्या ओव्हनमध्ये बसूनही नव्या नवरीसारखं गुळगुळीत होतं.

तुर्भ्याच्या त्या छोट्या औषध कंपनीत तिनं या मलमावर तीन वर्षं घालवली होती. पाण्यात तेलाचे थेंब, त्या थेंबांच्या पोटात पुन्हा पाण्याचे बारीक थेंब, आणि त्या आतल्या पाण्यात कातडी बधिर करणारं औषध. लहान मुलांना इंजेक्शन देण्याआधी हातावर लावायचं, म्हणजे पोर रडणार नाही. पण आज मायक्रोस्कोपखाली तेलाचे थेंब रिकामे दिसत होते. आतलं पाणी औषधासकट झिरपून बाहेर गेलं होतं.

मालक दिनानाथसरांना ते पटेना. पॅकिंगमधल्या सहा बायकांच्या डाव्या हाताला हेच मलम लावून तासाभरानं सुई टोचली होती आणि सहाही जणी दुखलं नाही म्हणाल्या होत्या.

"मायक्रोस्कोपला काय कळतंय? बायका सांगतायत ना! सही करा मॅडम, टेन्शन नका घेऊ. सोमवारी मुलांच्या वॉर्डात ट्यूब गेल्या पाहिजेत," असं म्हणून ते केबिनमध्ये गेले.

गीतांजलीनं पेन उचललं. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. आशुतोष, तिचा नवरा, गेल्याला आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून हे असंच चाललं होतं. नेरूळच्या फ्लॅटचं कुलूप उघडताना काही वाटत नसे, एकटीचा डबा भरतानाही नाही. सोसायटीतल्या बायका "बरी आहेस ना?" विचारत, ती "हो" म्हणे, आणि त्या हुश्श करून आपल्या कामाला लागत.

रिपोर्टवर सही करणार, तोच तिची नजर शेजारच्या रकान्यावर गेली. बायकांच्या उजव्या हाताला औषध नसलेलं साधं क्रीम लावलं होतं. तिथंही दुखण्यासमोर सहा शून्यं होती. औषधच नाही, तर दुखलं कसं नाही?

तिनं राजाबाईंना बोलावलं. साताऱ्याकडच्या राजाबाई त्या सहा जणींत सगळ्यांत मोठ्या.

"राजाबाई, उजव्या हाताला टोचलं तेव्हा खरंच दुखलं नाही?"

"दुखलं की."

"मग नाही का म्हणालात?"

"तुमी एवढं मायेनं इचारलं, मॅडम. कशाला उगं तुमच्या जिवाला घोर?" राजाबाई हसल्या. "अन् सुईचं ते काय दुखनं? चार बाळंतपनं झाली माजी, तवा कुनी इचारलं बी न्हाई."

गीतांजलीला चिडायला हवं होतं. तेही जमलं नाही. तिनं ट्यूब उघडून स्वतःच्या हातावर मलम लावलं, घड्याळाकडे बघत तास काढला, मग मलम पुसून राजाबाईंच्या हातात नवी सुई दिली आणि हात पुढे केला.

"दुखलं का, मॅडम?"

"नाही."

"आवं, अजून टेकवली बी न्हाई."

गीतांजलीनं खाली पाहिलं. सुई कातडीपासून चांगली दोन बोटं वर होती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"टोचा," ती म्हणाली.

सुई आत गेली. पुन्हा तोच शब्द ओठांवर आला होता, तो तिनं गिळला.

"दुखलं," ती म्हणाली, आणि मग तिला आवरेना. "राजाबाई, फार दुखलं हो."

एवढ्याशा सुईच्या मानानं ते रडणं फारच होतं. सुई ट्रेमध्ये टाकून राजाबाईंनी तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं गीतांजलीनं रिपोर्ट ओढला. सहा शून्यांच्या खाली स्वतःचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं: दुखतं. मलम नापास.