माफ करा, बाई, मी रस्ता चुकलो

ऐका, आणि मागून म्हणा: मी एक जुनी कॅसेट आहे.

(इथे तुमच्यासाठी जागा.)

म्हटलंत ना? मित्रांनो, माझी सगळी घडण अशीच आहे. एक वाक्य, मग जागा. वाक्य माझं, जागा ऐकणाऱ्याची. दोन्ही बाजू मिळून माझी अर्धीअधिक फीत कोरीच होती. दुकानातल्या गाण्यांच्या कॅसेटी मला हसायच्या. "अर्धं पोट उपाशी ठेवून कोण जन्माला येतं गं?" म्हणायच्या. मला मात्र त्या कोऱ्या जागांचाच अभिमान होता.

धडा पहिला : ओळख

माझा जन्म भिंतींना स्पंज लावलेल्या एका बंद खोलीत झाला. टेबलाशी दोघं बसली होती. एक गृहस्थ तुमच्या-आमच्या भाषेत वाक्य वाचायचे आणि एक बाई तेच वाक्य त्यांच्या गावच्या भाषेत म्हणायच्या. त्यांचं गाव म्हणजे युरोपातली एक जुनी राजधानी. नदी, नदीवर दगडी पूल, टेकडीवर राजवाडा. ते गाव पाहायला जाणाऱ्यांसाठी मला भरत होते. बाईंना त्या दिवशी सर्दी झाली होती. "माफ करा, बाई, मी रस्ता चुकलो" या वाक्याच्या मधोमध त्या खोकल्या. गृहस्थ म्हणाले, "पुन्हा घ्यायचं का?" काचेपलीकडच्या माणसाने घड्याळाकडे पाहून मान हलवली. खोकला तसाच राहिला. माझ्याबरोबर जितक्या कॅसेटी निघाल्या, तितक्या सगळ्यांच्या पोटात तो आहे.

धडा दुसरा सांगण्यासारखा नाही. त्यात नुसते आकडे आहेत.

धडा तिसरा : रस्ता विचारणे

मला एका लेकीने विकत घेतलं. तिचे वडील जन्मभर शहरातली बस चालवत आले होते आणि आता निवृत्त झाले होते. आई घराखालच्या बेकरीच्या गल्ल्यावर बसायची. त्या दोघांना ही राजधानी दाखवायची, असं लेकीने ठरवलं होतं.

मग काय, जेवणाचं टेबल गेलं नकाशाच्या ताब्यात. ताटं मांडीवर आली. बसचालक पेन्सिल घेऊन बसायचा.

"राजवाडा सकाळी. चढ आहे. सकाळी गुडघे ताजे असतात. मग ट्रामने खाली, मग संग्रहालय, मग जुना चौक."

"मला राजवाड्याशी काही देणं-घेणं नाही," बेकरीवाली म्हणायची. "मला त्या पुलावर उभं राहायचंय. नुसतं."

"नुसतं उभं राहायला एवढं लांब जायचं?"

"तुम्ही आयुष्यात कधी नुसते उभे राहिलात का? दोन माणसं चढली, की घंटी, की चालले. इतकी वर्षं दुसऱ्यांना उतरवलंत. आता स्वतः उतरा कुठेतरी."

यावर तो पेन्सिलीने पुलावर एक बारीक फुली करायचा. फुलीजवळ 'थांबा' असंही लिहायचा.

ती दोघं एकमेकांना नावाने हाक मारत नसत. ती 'अहो' म्हणायची, तो 'अगं' म्हणायचा. अगं, चष्मा कुठे ठेवला. अगं, ऐकलंस का. अगं, काही नाही. त्या एका शब्दावर तो सगळा संसार हाकायचा. एकदा तिने विचारलं, "'अगं'ला तिकडे काय म्हणतात हो?" त्याने माझी पहिली बाजू ऐकली, उलटून दुसरी ऐकली. माझ्यात नव्हता तो शब्द. परक्या बाईला मान देऊन हाक मारायचा एकच शब्द होता. तोच आपल्या भाषेत 'बाई'.

"म्हणजे तिकडे गेल्यावर मला बाई म्हणणार?"

"परक्या गावात परकंच व्हायचं असतं. गंमत येईल."

त्यांनी एक नियम केला होता. सकाळचा चहा संपेपर्यंत आपली भाषा बंद. जो चुकेल त्याने भांडी घासायची. रोज सकाळी मी वाजायचे आणि ती दोघं माझ्या मागून म्हणायची. वाक्यं म्हणायची आणि खोकायचीसुद्धा.

"बाबा, त्या बाईंना खोकला आलाय! तो वाक्यात नाहीये!" लेक पोट धरून हसली.

"तुला काय कळतंय? ते लोक घशातून बोलतात."

मित्रांनो, माझं इतकं कौतुक पुढे कधी झालं नाही. मला कुंकवाच्या डबीसारखं जपायचे. रुमालाने पुसायचे, डबीत ठेवायचे. माझी प्रत्येक कोरी जागा रोज दोन आवाजांनी भरायची आणि पुन्हा रिकामी व्हायची.

धडा सातवा : प्रकृती

त्या सकाळी चहा ओतला होता. मी टेपमध्ये होते, पण अजून कोणी बटण दाबलं नव्हतं. बसचालक खुर्चीत बसला आणि तिच्याकडे पाहून त्या राजधानीच्या भाषेत म्हणाला, "माफ करा, बाई," मग खोकला, मग "मी रस्ता चुकलो."

तीही त्याच भाषेत म्हणाली, "सरळ जा. चौकात उजवीकडे वळा."

तो पुन्हा तेच म्हणाला. तिने पुन्हा तेच उत्तर दिलं, या वेळी हात करून. तो तिसऱ्यांदा तेच म्हणाला. तिला हसू आवरेना. "अहो, पुढचं वाक्य म्हणा की! का तिथेच फेऱ्या मारणार? घ्या, मीच चुकले. भांडी माझी."

तो तिच्याकडे अशा नजरेने पाहत होता, की जणू ती त्याच्या बसमध्ये चढलेली कुणी आहे आणि तिने सांगितलेला थांबा त्याच्या मार्गावर नाही. कप कलंडला. चहा नकाशावर पसरला, राजवाड्यापासून खाली पुलापर्यंत. तिने फडकं आणलं आणि आधी नकाशा पुसला. मग वर पाहिलं. तेव्हा तिला त्याचा अर्धा चेहरा खाली ओघळलेला दिसला.

अँब्युलन्स आली. माणसं स्ट्रेचर घेऊन आत शिरली, टेबल भिंतीला सरकवलं, टेप खाली पडला आणि मी

इथे माझी फीत चुरगळलेली आहे. पुढचं ऐकू येतं ते दवाखान्यानंतरचं.

डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "बोलणं कधीपासून बिघडलं?" ती नंतर लेकीला म्हणाली, "काय सांगू त्यांना? बोलणं बिघडलंच नव्हतं गं. उच्चार तर त्या दिवशी इतका छान होता!"

धडा चौथा : उपाहारगृहात

(हो, आता धडे मागेपुढे होतात. ज्याने सर्वांत जास्त ऐकलं, त्याच्या डोक्यातही ते असेच मागेपुढे झाले होते.)

मेंदूतल्या त्या एका झटक्याने बसचालकाची आपली भाषा सगळी नेली. पाणी नाही, भात नाही, लेकीचं नाव नाही. उरली फक्त मी. सहल अर्थात बारगळली आणि लेकीने तिकिटं रद्द केली. पण तिचे बाबा घरातल्या पलंगावर पडून त्या राजधानीत भटकत होते.

"आई, बाबा काहीतरी बरळतायत," लेक म्हणाली.

"बरळत नाहीत. खोकला ऐक. तिसरा धडा आहे."

बेकरीवाली हळूहळू त्याची नवी भाषा शिकली. "बिल आणा" म्हणजे जेवण पुरे. "खिडकीची जागा आहे का?" म्हणजे कूस बदलून द्या. "हे फार महाग आहे" म्हणजे काय, ते तिला पुष्कळ दिवस कळलं नाही. ती म्हणायची, "काय महाग आहे, अहो? कशाचे पैसे पडतायत इथे?" एकदा त्याचा लुळा हात उशीखाली मुरगळला होता आणि तो एकसारखं तेच म्हणत होता. तेव्हा तिला कळलं. महाग म्हणजे दुखतंय.

मित्रांनो, माझ्यात प्रवाशाला लागणारं सगळं होतं. घरातल्या माणसाला लागणारं काहीच नव्हतं. तो तिला 'बाई' म्हणायचा. तिने तोंड पुसलं की "आभारी आहे, बाई." ती दाराकडे निघाली की "माफ करा, बाई." पहिल्यांदा ती हसली होती. मग हसेनाशी झाली. लेकीला म्हणाली, "मला दुसरं काही नको. चालले नाहीत तरी चालेल, स्वतःच्या हाताने जेवले नाहीत तरी चालेल. एकदा 'अगं' म्हणू देत. रोज सकाळी कुणा परक्याचं अंथरूण आवरतेय असं वाटतं."

स्पीच थेरपीच्या बाई घरी यायच्या. त्या स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "ही पाठ केलेली वाक्यं आहेत. वाचा गेली तरी शिव्या उरतात, तशी ही उरलीत. तुम्ही त्यांना उत्तर देत राहिलात तर ते याच्यावरच भागवतील. ही कॅसेट आधी घराबाहेर काढा."

मी लेकीच्या पर्समध्ये गेले, किल्ल्या आणि गोळ्यांच्या पाकिटांखाली. पर्समधूनच परत आले तेव्हा घर ओळखू येईना. तो राजधानीची भाषाही बोलत नव्हता आणि आपलीही नाही. बेकरीवाली समोर बसून म्हणायची, "म्हणा, अगं. अ, गं." त्याच्या ओठांची ओढाताण व्हायची, डोळे भरायचे आणि तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

"माझ्यासमोर लाज वाटते त्यांना," ती लेकीला म्हणाली. "टेपसमोर नाही वाटत. आण ती इकडे."

धडा पहिला, पुन्हा

माझ्या वरच्या कडेला दोन खाचा आहेत. त्या उघड्या असतात तोवर माझ्यावर कोणी काही भरू शकत नाही. बेकरीवालीने त्यांवर चिकटपट्टी लावली आणि लाल बटण दाबलं.

मित्रांनो, पुसलं जाणं दुखत नाही. नुसतं गार लागतं. राजवाड्यावर 'उशी' बसली. ट्रामवर 'औषध' चढलं. पुलावर 'पाणी' आलं. सर्दी झालेल्या बाई खोकल्यासकट गेल्या. आता माझ्यात एकच आवाज होता, गल्ल्यावर बसून बसून कमावलेला, जरा मोठा. तिने माझीच रीत पाळली. एक वाक्य, मग जागा. आणि सगळ्यात शेवटी एकच शब्द, पुन्हा पुन्हा: "अहो?" मग लांब जागा. "अहो?" मग जागा. 'अगं' तिने भरलाच नाही. म्हणाली, "तो मी कसा म्हणू? तो त्यांचा आहे."

रोज दुपारी ती मला लावायची, त्याच्या उशाशी ठेवायची आणि बाहेर जाऊन दार लावून घ्यायची. आपण दाराशी उभ्या आहोत असंही त्याला वाटू नये, म्हणून खाली बेकरीत जायची. तो ऐकायचा. माझ्या जागा रिकाम्याच परत यायच्या.

एका दुपारी मी शेवटाला आले होते. "अहो?" मी म्हटलं, तिच्या आवाजात. पहिली जागा रिकामी गेली. "अहो?" दुसरीही गेली. तिसऱ्यांदा त्याने भिंतीकडून तोंड फिरवलं, टेपकडे पाहिलं आणि म्हणाला, "अगं."

स्पष्ट म्हणाला. थोडा वैतागून, चष्मा सापडत नसला की म्हणायचा तसा. मग दाराकडे बघत थांबला. दार बंद होतं.

मी वाजत होते, मित्रांनो. वाजणारी कॅसेट काही भरून घेऊ शकत नाही. त्याचा शब्द माझ्यावरून गेला आणि मला धरता आला नाही. फीत संपली, बटण खट्कन वर आलं. तो बराच वेळ दाराकडे बघत राहिला.

ती वर आली. हाताला पावाचा वास होता. "म्हणालात का काही?"

त्याचे ओठ हलले. त्याने खूप प्रयत्न केला. मग राजधानीच्या भाषेत म्हणाला, "माफ करा, बाई."

थंडी सरण्याआधी तो गेला. पुन्हा तो शब्द त्याच्या तोंडून आला नाही. बेकरीवाली आता लेकीकडे असते. भेटायला आलेल्यांना ती सांगते, "सगळं करून पाहिलं हो. ती कॅसेट तर नुसती वाया गेली. एक शब्द फुटला नाही."

मी तिथे तिच्याच खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात आहे. मला वाजवायचं यंत्रही आता घरात नाही. असतं तरी काय ऐकू आलं असतं? तिचा "अहो?" आणि पुढे कोरी फीत.

ती खोलीत असती तर कदाचित त्याने म्हटलंही नसतं. ते मला ठाऊक नाही. पण एवढं सांगते. आजारी माणसाला कधी एकटं सोडावं लागलं तर सोडा. त्याची लाज राखा, बाहेर जा, हवं तर पाठ फिरवून बसा. फक्त दार लावून घेऊ नका. बोटभर उघडं ठेवा.