मृणालचा सत्कार

तुषारने सत्काराचं निमंत्रण दिलं आणि मृणालने तिथल्या तिथे होकार भरला. वर्षभर ती याच संधीची वाट बघत होती.

या तुषारचं सिल्वासात परदेशी शिक्षणाचं ऑफिस. पोरांना इंग्लंडला धाडायचं आणि त्यांचे फोटो चौकात फ्लेक्सवर टांगायचे. सुट्टीला पोरं घरी आली की हॉटेलच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ देऊन त्यांच्याकडून चार गोड शब्द वदवून घ्यायचे, की पुढची बॅच आपसूक भरते. मृणालला त्याने मोठं विद्यापीठ आणि आवारातच होस्टेल सांगितलं होतं. निघालं काय, तर कपड्यांच्या दुकानावरचा एक मजला. पहिल्याच आठवड्यात तिने रडत फोन केला, तर हा गृहस्थ म्हणतो, "ॲडजस्ट कर बेटा, सगळेच करतात." आणि महिन्याभरात त्याच रडणाऱ्या पोरीचा हसरा फोटो चौकात झळकला. तो मोबाईलवर बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

अडचण एकच होती, वसंतसर. मृणालचे वडील. नोकरीसाठी कोकणातून आलेले, सामरवरणीच्या शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलेले. त्यांना ती रोज फोनवर सांगायची, मजेत आहे. तुषारचं पितळ उघडं पाडायचं तर हेही खोटं उघडं पडणार, आणि सर तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्याच रांगेत. सत्काराच्या दिवशी स्टेजवर चढली तरी तिचं नक्की होत नव्हतं. एवढ्यात तुषारने तिच्या खांद्यावर शाल घातली आणि हळूच म्हणाला, "चांगलंच बोलायचं हं, बेटा." झालं. मेल्याने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

"माझा रोजचा दिवस सांगते," मृणालने माईक घेतला. "पहाटे चारला उठायचं. एका खोलीत आम्ही सात जणी, बाथरूम एक. पाचच्या बसने कारखान्यात जायचं. तिथे फ्रीजसारख्या थंडीत सॅलडचे डबे भरायचे. दुपारी कॉलेज. मास्तर आठवड्यातून दोनदा येतात, उरलेले दिवस व्हिडिओ बघायचे. संध्याकाळी भाताच्या कुकरसाठी नंबर लावायचा."

तुषार हसत पुढे झाला. "प्रवासाने दमलीय पोरगी, माईक द्या इकडे."

तिने माईक सोडला नाही. "फ्लेक्सवर माझ्यामागे जी इमारत दिसते, तिच्यात मी कधी शिकले नाही. फाटकाबाहेर उभं राहून फोटो काढला. बाबांना बरं वाटावं म्हणून."

हॉलमध्ये कुजबुज वाढली. एक बाई उठून तुषारच्या नावनोंदणीच्या टेबलाशी गेली, "आमच्या पोराचा पासपोर्ट द्या परत." मग दुसरे गेले, तिसरे गेले. तुषारच्या तोंडचं पाणी पळालं. समजावता समजावता त्याची मराठी संपली, हिंदी संपली, शेवटी गुजरातीत गयावया करायला लागला. मृणाल उभी राहून डोळे भरून बघत होती. इतकं गार गार तिला वर्षभरात वाटलं नव्हतं, आणि का वाटू नये?

वडिलांकडे बघायचं धाडस तिला जरा वेळाने झालं. सरांच्या खुर्चीभोवतीही माणसं जमली होती. तिला वाटलं, सांत्वन करत असतील.

"सर, तुम्हीच म्हणाला होतात ना, माझी मुलगी गेली, तुमचीही पाठवा," एक जण विचारत होता. वर्षभर सर सगळ्यांना हेच सांगत आले होते. गणिताच्या मास्तरांचा शब्द, कोण शंका घेणार? मृणालला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सर मान खाली घालून ऐकत होते.

किलवणीचे एक गृहस्थ मात्र भांडत नव्हते. मोबाईल हातात धरून ते सरांसमोर वाकले.

"सर, माझी धनश्री जूनमध्येच गेली. तुमच्या शब्दावर. पण ती तर रोज सांगते, मजेत आहे म्हणून. मग तिचं बरं असेल ना?"

सरांनी मान वर करून मृणालकडे पाहिलं. रागाने नाही. उत्तर तिलाच ठाऊक होतं म्हणून.

मृणालने खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. "काका, तिला आत्ताच फोन लावा," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे द्या. माझ्याशी ती खोटं बोलणार नाही."