ऐकीव बातमीचा निळा कागद

मी एक निळा कागद बोलतोय, विमानाच्या टपालाचा. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी स्वतःच कुणावर ठेवत नाही. ज्यानं त्यानं मला हातात घेतल्यावर आधी उजेडाकडे धरून पाहिलं. संगतीचा परिणाम, दुसरं काय.

१९९३च्या जानेवारीत कराचीत आशानं मला लिहिलं. तिथं मराठी बोलणारी थोडी घरं आहेत, त्यातलं एक तिचं. आदल्या महिन्यातल्या दंगलीत देऊळ जाळणाऱ्यांची नावं तिच्या दोन्ही भावांनी पोलिसांना दिली होती. धाकटा माधव निसटून लंडनला आला, थोरला विनय मागे राहिला. आशानं लिहिलं, 'विनयदादा गेला. आम्ही पाहिलं नाही. दूधवाल्यानं सांगितलं, त्याला पानवाल्यानं. ते लोक आता तुला शोधताहेत. येऊ नकोस.'

माधव वेम्बलीत मधुमतीमावशींकडे भाड्यानं राहायचा. मावशी निवृत्त नर्स. त्यांनी मला वाचलं, डोळे पुसले आणि माझे सहा तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"मावशी, अहो हे काय केलंत?"

"असलं पत्र घरात ठेवत नाहीत रे."

"पण ऐकलेलंच आहे ना ते," माधव म्हणाला. "कुणी पाहिलंय?"

त्यानं डब्यातून पाच तुकडे काढले आणि सेलोटेपनं जोडले. सहावा चहाच्या चोथ्यात विरघळला होता. मला वाटलं, पुरावा म्हणून जपतोय. माणसाच्या मनात काय असतं ते कागदाला उशिरा कळतं.

माधवनं इंग्लंडकडे आश्रय मागितला होता; क्रॉयडनच्या सरकारी कचेरीतून नकार आला. मग अपील. वकील सुनीती, इथंच जन्मलेली मुलगी. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं.

"माधव, मी फ्रँकली सांगते. ह्या पत्र हिअरसे आहे, ऐकलेला गोष्ट. ट्रायब्युनलमध्ये ते चालतो, पण किती वेट, म्हणजे वजन देणार, दॅट्स अप टू देम."

म्हणजे मला आत घेणार, पण बसायला पाट देणार नाहीत. मी मनाशी म्हटलं, ओळखून आहे.

सुनावणीला सरकारतर्फे आलेल्या साहेबांनी मला दोन बोटांत धरलं. "दूधवाला म्हणतो की पानवाला म्हणाला. आणि स्वतःचा पुरावा कुणी फाडतं का? गाळलेल्या तुकड्यावर काय होतं?" त्यांच्याकडे एक टाइप केलेला अहवाल होता: शहर आता शांत आहे. मला विचाराल तर तोही कुणीतरी कुणाला तरी विचारूनच लिहिलेला. पण तो टाइप केलेला म्हणून माहिती, आणि मी हातानं लिहिलेला म्हणून अफवा. राग आला मला.

मावशी साक्षीला उभ्या राहिल्या, दुभाष्यामार्फत. "मी फाडलं. मरणाचं पत्र आमच्यात वाचलं की फाडतात. कोर्टासाठी लिहून आणलेलं असतं, तर प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून नसतं का ठेवलं?"

निवाडा करणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माधवकडे वळल्या. माझा त्यांच्यावरही विश्वास नव्हता. पण त्यांनी 'तुम्ही पाहिलंत का' असं विचारलं नाही.

"हा दूधवाला तुमच्या घरी किती वर्षं येतोय?"

"बावीस."

"खोटं सांगून त्याला काय मिळालं असतं?"

"काही नाही."

"या बावीस वर्षांत तो तुमच्याशी कधी खोटं बोलला?"

माधव माझ्याकडे पाहत राहिला. सुनीतीनं दोनदा हळूच खूण केली. शेवटी तो म्हणाला, "नाही. कधीच नाही." आणि तिथंच, सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडायला लागला.

तेव्हा मला कळलं. सगळ्या इंग्लंडात मी खोटा ठरावा असं मनापासून वाटणारा एकच माणूस होता, आणि मला खरा ठरवायचं कामही त्याच्याच वाट्याला आलं होतं.

अपील मंजूर झालं. ऐकीव गोष्ट अशीच तपासावी: कुणी सांगितली, कशासाठी सांगितली, सांगणाऱ्याचा आजवरचा शब्द कसा होता. नुसती नाकं मुरडून काय होणार?

आता १९९८ साल आहे. मी माधवच्या कपाटात, स्वेटरखाली आहे. सेलोटेप पिवळी पडलीय. कोर्टाचा माझ्यावरचा संशय फिटला, माधवचा नाही. अधूनमधून तो मला काढतो, 'आम्ही पाहिलं नाही' या ओळीवर बोट ठेवतो आणि परत घडी घालतो.

माधवा, त्या बाईंसमोर तूच खरं सांगितलंस. मावशींनी अर्धवट सोडलेलं काम तेवढं पुरं कर. मला फाड.