मेणचट दाणे

"कबुतरांना टाकले?" शिवदासने पुन्हा विचारले. "सगळे?"

"मंग काय करायचं व्हतं? नासके दाने कुनी बियात ठेवतं का?" त्याच्या आईने, चंपाबाईंनी, सूप बाजूला ठेवले. "मेनावानी दिसत व्हते. चांगले तेवढे निवडून ठेवलेत बग."

डब्यात नुसते चकचकीत, पिवळे दाणे होते. मेणचट दाणा एकही नाही.

शिवदास गच्चीवर धावला. कठड्याशी कबुतरांची विष्ठा तेवढी उरली होती. बोरीवलीतल्या या सोसायटीच्या गच्चीवर, तेलाच्या डब्यांत माती भरून, त्याने दोन पावसाळे मका वाढवला होता. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर असताना पीएच.डी. करायची म्हणजे शेत कुठून आणणार? मूळचे बी मिनतवाऱ्या करून मिळवलेले, ते कधीच संपले. आणि सेक्रेटरी श्यामसुंदरनी बजावले होते, "खाली माझ्याकडे गळतंय. पुढच्या वर्षी डबे दिसले तर फेकून देईन, सांगून ठेवतो."

तो खाली आला तो ओरडतच. "माय, हात का लावलास तू? एका शब्दानं विचारायचंस ना! दोन वर्षांची वाट लागली माझी!"

शेजारचे दार किलकिले झाले. चंपाबाई हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुज्या सायबानं तसले दाने पायले तर त्यो हासंल तुला."

शिवदासने डब्यातले मूठभर दाणे हातात घेतले. आपण काय करतो ते त्याने आईला कधी सांगितलेच नव्हते. 'मोठ्या परीक्षेचं काम' एवढेच तिला ठाऊक होते.

त्याने ब्लेडने एक चकचकीत दाणा कापला, वर आयोडीनचा थेंब टाकला. दाणा काळानिळा झाला.

"मक्याच्या पिठात दोन तऱ्हेचं स्टार्च असतं, माय. निळं होतं ते त्यातलं एक. तू टाकलेल्या दाण्यांत ते तयारच होत नाही. ते निळे नाही, तांबूस होतात. नासके नव्हते ते. एका जनुकात बदल झाला की दाणा तसा होतो. माझं सगळं काम त्या दाण्यांवर होतं."

"म्हंजी आता काईच ऱ्हायलं न्हाई?"

"राहिलंय. ह्या चकचकीत दाण्यांतल्याही बऱ्याचशांत तो बदल आहे. वरून दिसत नाही एवढंच. पेरले तर मेणचट दाणे पुन्हा निघतील."

"मंग पेर की, बाबा."

"कुठं पेरू?" तो वसकन म्हणाला. "तुझ्या डोक्यावर?"

चंपाबाई रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी तो कॉलेजला जायला बूट घालत होता. चंपाबाई तांदळाचे ताट घेऊन आल्या. सगळा जन्म लोकांच्या खळ्यावर धान्य निवडण्यात गेलेली ती बाई ताट पुढे धरून उभी राहिली.

"ह्यातलं काय टाकू, तेवढं दाव."

शिवदासने पाहिले. पांढऱ्या तांदळात काळे खडे चांगले उठून दिसत होते. त्याला उशीर झाला होता. त्याने बूट काढले, तिच्याजवळ बसला आणि एकेक खडा बोटाने दाखवू लागला.