नवे नंबर, जुनी गिऱ्हाइकं

सुनेचा स्वतःवर फार भरवसा. लग्नाआधी ती छापखान्यात कामाला होती, आणि छापखान्यात राबलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट जरा चुकीचीच छापलेली दिसते. सासूबाईंच्या थाई हॉटेलाचं मेन्यूकार्ड तर पहिल्या दिवसापासून तिच्या डोळ्यांत खुपत होतं. सतरा नंबरचा पदार्थ बंद होऊन जमाना झाला होता, एकतीस नंबर दोन ठिकाणी होता, आणि आइस्क्रीम सुपांच्या रांगेत घुसून बसलं होतं.

हॉटेल लहानसंच. लाल रेक्झिनच्या खुर्च्या, कागदी रुमालांचे डबे, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिडकी, जिच्यातून इकडून चिठ्ठी आत जायची आणि तिकडून बशी बाहेर यायची. पूर्वी ते एका थाई बाईचं होतं. तिच्या हाताखाली गवती चहा चिरता चिरता सासूबाई सगळं शिकल्या, आणि बाई मायदेशी परतली तेव्हा हॉटेल त्यांनीच घेतलं. मुलगा मोठा झाल्यावर तोही कढईपाशी उभा राहिला. आता मात्र सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता, आणि शेजारचा बेकरीवाला हॉटेल विकत घ्यायला टपून बसला होता.

"शनिवारी मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसणार," सासूबाईंनी जाहीर केलं. "हॉटेल तू चालव. मला एकदा जरी उठावं लागलं, तरी बेकरीवाल्याला हो म्हणून सांगणार. नाही उठले, तर मग बघू."

"बघायचंय काय त्यात?" सून म्हणाली. "बसा खुशाल. पाठीला उशी देते."

आणि एवढ्यावर थांबली असती तर ती सून कसली! नवं मेन्यूकार्डही तिने त्याच शनिवारी काढायचं ठरवलं. नवरा कढई घासता घासता म्हणाला, "अगं, एका वेळी एकच काय ते कर."

"शुभस्य शीघ्रम्," असं म्हणून तिने नव्या कार्डाची एक प्रत त्याच्या नाकासमोर भिंतीवर चिकटवली. "शनिवारपासून हेच नंबर. जुने विसर."

कार्ड देखणं झालं होतं यात वाद नाही. सुपं एका जागी, नूडल्स एका जागी, आइस्क्रीम शेवटी, आणि नंबर एकापाठोपाठ एक, मधे एकही भगदाड नाही. शनिवारी संध्याकाळी सुनेने प्रत्येक टेबलावर कार्ड ठेवलं, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खाऊ लागलं. कारण ते उघडून बघणार कोण? रोजच्या गिऱ्हाइकाने मेन्यूकार्ड वाचायचं म्हणजे स्वतःच्या घराच्या दारावरची पाटी वाचून आत शिरायचं.

समोरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या घड्याळजींनी कार्डावर कोपर टेकलं आणि म्हणाले, "बारा. नेहमीसारखं." दातांच्या दवाखान्यातल्या दोघी नर्स गप्पा न थांबवता म्हणाल्या, "चोवीस, चोवीस." टॅक्सीवाला अजून बसलाही नव्हता, तोच त्याची आरोळी आली, "वहिनी, अडतीस! तिखट मारून!"

सुनेला खरं तर या प्रत्येकाचं खाणं तोंडपाठ. पण त्या दिवशी तिच्या अंगात नव्या कारभाराचं वारं शिरलं होतं. तिने ऐकले ते आकडे लिहिले आणि चिठ्ठ्या खिडकीतून आत सरकवल्या. नवरा बिचारा आज्ञाधारक. भिंतीवरच्या कार्डात बघायचा आणि कढई चढवायचा.

थोड्या वेळाने बशा तिच्या हातात आल्या. घड्याळजी, ज्यांना मिरचीचा वाससुद्धा सोसत नाही, त्यांच्यासाठी कच्च्या पपईचं तिखटजाळ सॅलड होतं. नर्सबाईंसाठी दोन अख्खे मासे, डोळे वटारलेले. आणि टॅक्सीवाल्यासाठी नारळाचं आइस्क्रीम, वर लाल मिरचीची पूड.

"आइस्क्रीमवर तिखट?" ती खिडकीतून ओरडली.

"तूच लिहिलंयस," आतून उत्तर आलं. "मी म्हटलं, असेल काही नवीन."

तिने बशा मागे फिरवायच्या आत घड्याळजींनी हात पुढे करून आपली बशी घेतलीही, आणि भिडस्त माणूस म्हणून एक घास खाल्लाही. त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले. नर्सबाई खो खो हसत सुटल्या, मागच्या टेबलावरून कोणीतरी "आमचं सूप म्हणून हे काय आलंय?" म्हणून विचारायला लागलं, टॅक्सीवाला आइस्क्रीमकडे बघत उभाच राहिला, आणि कोपऱ्यात सासूबाईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले. त्यांना उठायच्या आधी असे हात टेकावे लागत.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. पण पळालं ते क्षणभरच.

"मंडळी!" ती हॉटेलच्या मधोमध उभी राहिली. "चूक माझी आहे. नंबर मी बदलले आणि तुम्हाला सांगितलं नाही. आता कोणीही नंबर सांगायचा नाही."

"मग काय सांगू, वहिनी?" टॅक्सीवाला रडकुंडीला आला. "मी खातो त्याचं नाव मला कुठे माहितीये?"

"काही सांगू नका. मला माहितीये."

ती खिडकीत वाकली. "कार्ड फाडून टाक ते! घड्याळजींच्या रुंद नूडल्स, मिरची अजिबात नको, लिंबाच्या दोन फोडी. नर्सबाईंना शेंगदाण्याच्या नूडल्स, एकीत कोथिंबीर नको. टॅक्सीवाल्यांना तुळशीतलं चिकन, वर अंडं, आणि तिखट त्यांना घाम फुटेपर्यंत!"

"आता कसं बोललीस!" नवरा म्हणाला, आणि कढई अशी काही खणाणली की बाहेरचे लोकही खुशीत आले. त्याचंही सगळं माणसांवरूनच पाठ होतं, आकड्यांवरून त्याला कधी काही कळलंच नव्हतं. बशा भराभर बाहेर येऊ लागल्या. नर्सबाईंनी एक मासा ठेवून घेतला. घड्याळजी नाक पुसत म्हणाले की सॅलडही राहू दे, इतकं मोकळं मोकळं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

सासूबाईंचे हात पुन्हा मांडीवर गेले होते.

जरा उसंत मिळाली तशी सून त्यांच्याकडे गेली. टेबल रिकामं होतं, नुसता पाण्याचा ग्लास. "आई, तुमच्यासाठी काय आणू?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की हे एकच तिला माहीत नाही. सगळ्या गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी पाठ, आणि या बाईला काय आवडतं त्याचा पत्ता नाही. सासूबाईंना बसून जेवताना तिने कधी बघितलंच नव्हतं. कढईच्या तळाला राहिलेलं भातावर घ्यायचं आणि ओट्यापाशी उभ्यानेच चार घास खायचे, हेच त्यांचं जेवण. सुनेला स्वतःची लाज वाटली.

"मला काय, जे उरेल ते," सासूबाई म्हणाल्या.

"आज काही उरणार नाही. सांगा काय हवंय."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि नवं मेन्यूकार्ड उघडलं. त्या संध्याकाळी ते वाचणाऱ्या त्या एकट्याच. सावकाश, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत त्यांनी ते वाचलं. "आइस्क्रीम शेवटी घेतलंस, ते बरं केलंस," असा शेराही दिला. मग कार्ड मिटून म्हणाल्या, "हिरवी करी. वांगी जास्त घालायला सांग. आणि भात गरम पाहिजे."

करी आली. सासूबाई पाठ टेकून, उशीला रेलून जेवू लागल्या. दोन घास झाले आणि त्यांनी बोटाने सुनेला बोलावलं.

"भात गार आहे. बदलून आण."

एरवी कुणी इतक्या तोऱ्यात वाटी परत केली असती, तर सून मनातल्या मनात चरफडली असती. आज तिला त्या तोऱ्याचं कौतुक वाटलं.

तेवढ्यात नवऱ्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कानाला फोन होता. "आई, माल देणारा विचारतोय. उद्यासाठी नारळाचं दूध किती सांगू?"

सासूबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "मी जेवतेय, दिसत नाही का? मालकिणीला विचार."

नवरा आधी आईकडे बघत राहिला आणि मग बायकोकडे.

"तीन खोकी," सून म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत निघाला. मग गार भाताची वाटी उचलून ती लगबगीने आत गेली, कारण गिऱ्हाईक खोळंबलं होतं.