राजा नसलेला शिरपेच

मित्रांनो, मी एक जुना शिरपेच आहे. पगडीवर, कपाळाच्या वरच्या बाजूला बांधायचा दागिना. चांदीच्या सहा पानांवर सोन्याचं पाणी, मधे हिरवा खडा, कडेला बारीक मोती आणि हे सगळं धरून ठेवणारी रेशमी दोरी. मला घडवणाऱ्या सोनाराचं नाव आता आठवत नाही. त्याच्या भट्टीची धग मात्र आठवते.

दरबारात पत्रं लिहिणाऱ्या एका कारकुनाला मी बक्षीस मिळालो. सणावारी त्याच्या पगडीवर बसलो, की लोक वळून बघत. पुढे पगड्या गेल्या आणि मी पेटीत गेलो. गेल्या वर्षी ग्वाल्हेरच्या काकांनी मला उज्जैनला त्यांच्या पुतण्याच्या, श्रीपादरावांच्या, हवाली केलं. त्यांनी मला पुसून नानाखेड्याच्या घरातल्या कपाटात ठेवलं आणि बाविसाव्या दिवशी त्यांच्या छातीत कळ आली.

त्यांची पत्नी अनसूयाबाई दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आल्या. सोबत थोरल्या नणंद जयूताई होत्या. कपाट उघडताच जयूताईंचा हात थांबला.

"अनू, हे राजाचं लेणं घरात कधीपासून आहे?"

"महिना होत आला, ताई."

"उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसरा राजा इथे मुक्कामाला राहत नाही. राहिला तर त्याचं बरं होत नाही."

अनसूयाबाई शाळेत गणित शिकवत. एरवी त्या हसल्या असत्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादरावांचं ऑपरेशन होतं.

"मग काय करू?"

"आधी तोडून घे. अख्खं ठेवू नकोस. मग रामघाटावर नदीत सोडून दे."

पिशवीच्या अंधारात मी ऑटोचे धक्के खात होतो. आत साप असावा तशी अनसूयाबाईंनी पिशवी लांब धरली होती. मी खरंच अपशकुनी आहे का? मला तोडल्याने श्रीपादराव वाचतील का? मलाही कळेना.

पटनी बाजारात रमेश पटवा दागिने रेशमात ओवून देतो. बाई त्याला म्हणाल्या, "भैया, डोरी काट दो. सब अलग कर दो."

कात्रीचं थंड पातं माझ्या दोरीला टेकलं. मला ओरडता येत नव्हतं. रमेशने मला उलटं करून पाहिलं आणि तो थांबला.

"सरपेच है, दीदी. क्यों तुड़वा रही हो?"

"राजा का है. घर में रखा और ये बीमार पड़ गए."

"इसमें राजा कहाँ आया? दादा बताते थे, फ़ारसी का शब्द है. सर मतलब सिर, पेच मतलब लपेट. सिर पे लपेटने की चीज़, बस. राजा पहनते थे, और खुश होके मुंशी को भी देते थे."

"आम्ही शिरपेच म्हणतो," बाई पुटपुटल्या. फारसीतलं सर मराठी ओठांवर आलं आणि ओळखीचं शिर होऊन बसलं. इतकी वर्षं त्या हा शब्द बोलत होत्या, पण उकलून कधी पाहिला नव्हता.

"काट दूँ?"

बाईंनी कात्री हाताने बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मत काटो. डोरी नई डाल दो."

भीती तेवढ्याने संपली नाही. सकाळी ऑपरेशन थिएटरबाहेर मी त्यांच्या पर्समध्ये होतो. मला घरी ठेवायचा धीर त्यांना झाला नव्हता. श्रीपादराव परतले नसते तर त्यांनी जन्मभर मला दोष दिला असता, आणि स्वतःला त्याहून जास्त.

साडेअकराला डॉक्टर बाहेर आले. "अब खतरा नहीं है," ते म्हणाले. बाई रडल्या नाहीत. पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसल्या.

घरी आल्यावर श्रीपादरावांनी माझी नवी दोरी पाहिली. बाईंनी सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"खापरपणजोबांच्या नोकरीतली शाबासकी होती ती, अनू."

"मला ठाऊक नव्हतं."

"मीच कधी सांगितलं नाही."

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू मुक्या असतो. आमचं नाव आणि त्याचा अर्थ घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा, ते आहेत तोवर. कोणी विचारीपर्यंत आम्ही जीव मुठीत धरून कपाटात बसलेले असतो.