ओग्न्यानची पट्टी

बल्गेरियात त्स्वेत्नित्साच्या, म्हणजे फुलांच्या सणाच्या दिवशी कुणी कुणाला जेवायला बोलवत नाही. ज्याचं नाव फुलावरून किंवा झाडावरून ठेवलंय, त्यानं दाराला वाळुंजाची डहाळी बांधायची, मासे तळायचे आणि येईल त्याला वाढायचं. बोलावणं धाडलं तर पाहुणाच रुसायचा, की आम्ही काय परके आहोत का? यावोर आणि कालिना, नवरा-बायको दोघंही झाडांच्या नावाचे, त्यामुळे प्लोव्दिवमधल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती.

यावोरचं लक्ष मात्र एकाच माणसाकडे लागलं होतं, आणि तो माणूस आला नव्हता.

ओग्न्यान आणि तो मिळून कॉम्प्युटर जुळवायला लागले तेव्हा दोघांच्याही डोक्यावर भरपूर केस होते. गावातल्या अशाच वेड्यांचं त्यांनी एक मंडळ काढलं. मंडळाचे नियम फार नव्हते, पण एक पक्का होता: यंत्र ज्यानं जुळवलं त्यानं पहिल्यांदा बटण दाबायचं नाही, दुसऱ्यानं दाबायचं, तेही सगळ्यांसमोर. यावोरच्या यंत्राचं बटण दरवेळी ओग्न्याननंच दाबलेलं होतं.

आणि या हिवाळ्यात दोघांचं बिनसलं. कारण ऐकलं तर शेंबडं पोरही हसेल. यावोरनं पाचव्या पिढीचं नवंकोरं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि ते आपल्या जुन्या, चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर बसवणार असं मंडळाच्या ग्रुपवर जाहीर केलं.

ओग्न्याननं लिहिलं, "चालायचं नाही. नांगराला शर्यतीचा घोडा जुंपतोयस."

यावोरनं लिहिलं, "कार्ड बसवायची खाच तीच आहे. घोडा जरा सावकाश चालेल, एवढंच."

इथवर ठीक होतं. पण शब्दानं शब्द वाढला, अर्धं मंडळ इकडे आणि अर्धं तिकडे झालं, आणि एका संध्याकाळी यावोरनं रागाच्या भरात लिहिलं, "तुझ्या दुकानातला नवा बोर्ड माझ्या गळ्यात मारायचा असेल तर तसं सरळ सांग ना."

ओग्न्यानचं सुट्या भागांचं छोटंसं दुकान होतं, आणि मित्राकडून त्यानं कधी नफा घेतला नव्हता. तो ग्रुपमधूनच बाहेर पडला. यावोरनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. मोडेन पण वाकणार नाही, अशातला तो. मग त्यानं मनाशी ठरवलं की त्स्वेत्नित्सा येतेय, त्या दिवशी बोलवावं लागत नाही आणि येणाऱ्याची मानही खाली जात नाही. यायचा असेल तर येईल.

"यावोरदादा, मासे संपले, आता यंत्र दाखवणार आहेस की आम्ही काटे चघळत बसू?" मंडळातली बिस्त्रा म्हणाली. ती दातांच्या कवळ्या बनवायची आणि तिची जीभही कानशीसारखीच चालायची.

"जरा थांब ना."

"कुणासाठी?"

कालिनानं नवऱ्याकडे पाहिलं आणि राकियाची, फळांच्या दारूची बाटली उगाचच पुढे सरकवली. ओग्न्यानच्या खुर्चीत तिनं कुणाला बसू दिलं नव्हतं.

शेवटी यावोरनं यंत्रावरचं कापड काढलं. काचेच्या पेटीत कार्ड उभं, तोंड पाहुण्यांकडे करून, नवरीसारखं बसवलेलं. असं उभं बसवायचं तर ते थेट बोर्डाच्या खाचेत बसत नाही, मधे एक चपटी केबल लागते. मंडळात सगळे तिला पट्टी म्हणत. ही पट्टी जुनीच होती, टोकाला थोडी चुरगळलेली.

"मी दाबते," म्हणत बिस्त्रानं बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा मात्र काळाच राहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा काळाच. कुणीतरी खाकरलं.

"ओग्न्यान म्हणत होता तसंच झालं की," मागून कुणीतरी हळूच बोललं.

"एवढ्यात म्हणू नका. ती पट्टी काढा आणि कार्ड सरळ खाचेत बसवून बघा," बिस्त्रा पुढे झाली.

"पट्टीला हात लावायचा नाही," यावोर म्हणाला.

"अरे, पण घोडं तिथेच पेंड खात असेल तर?"

"नाही म्हणजे नाही."

तो असा अडून का बसलाय ते फक्त कालिनाला कळलं. ती पट्टी ओग्न्याननं मागे एका त्स्वेत्नित्साला भेट दिलेली होती. तो आला तर त्याला ती जागेवर दिसायला हवी होती. सगळ्यांसमोर तोंडघशी पडायला यावोर तयार होता, पण ती पट्टी बाजूला काढायला नाही.

तेवढ्यात दार ढकलून ओग्न्यान आत आला. हातात फुलं होती आणि काखेत खोकं.

"वहिनी, तुमचा दिवस सुखाचा जावो," त्यानं फुलं कालिनाला दिली.

"उशीर केलात भावजी."

"जिन्यात बसलो होतो." त्यानं काळ्या पडद्याकडे पाहिलं, पेटीत डोकावला आणि पट्टीवर नजर पडताच थबकला. मग त्यानं खोकं यावोरच्या हातात कोंबलं. "घे. उघड."

आत नवी पट्टी होती, पाचव्या पिढीची.

"तुझं कार्ड पाचवीतलं, बोर्ड चौथीतला, आणि ही बिचारी तिसरीतली," ओग्न्यान जुन्या पट्टीवर बोट ठेवत म्हणाला. "तुझं जुनं कार्ड तिच्याच वर्गातलं होतं, म्हणून इतकी वर्षं निभलं. या दोघांचा वेग तिला झेपायचा नाही. आपण सगळे कार्ड नि बोर्डावरून डोकी फोडत बसलो, पण मधे कोण उभंय ते एकानंही विचारलं नाही."

"पण तू तर म्हणत होतास, हे चालणारच नाही."

"म्हणत होतो. घरी जाऊन शांतपणे वाचलं. चालतं."

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"सांगू कुठे? ग्रुप सोडला होता ना." मग खाली बघत तो म्हणाला, "तू माझी पट्टी काढणार नाहीस हे मला माहीत होतं. म्हणून ही आणली. आणि हे बघ, ही विकायची नाहीये."

यावोरनं खोकं टेबलावर ठेवलं. "दुकानाचं ते बोललो, ते चुकलं रे माझं. फार चुकलं."

"चुकलंच," ओग्न्यान म्हणाला आणि पेचकस शोधायला लागला.

दोघांनी मिळून नवी पट्टी बसवली. जुन्या सवयीनं एकानं हात पुढे करायचा आणि दुसऱ्यानं न विचारता त्यात हवा तो स्क्रू ठेवायचा. बिस्त्रानं सगळ्यांना मागे हटवलं. यावोरही दोन पावलं सरकला आणि बटणाकडे हात करून म्हणाला, "चल, दाब आता."

ओग्न्याननं बोट पुसलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला आणि सगळी खोली टाळ्यांनी भरून गेली. यावोर डोळे पुसत हसत होता, आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

"म्हणजे यावोरदादाच खरा ठरला," बिस्त्रा म्हणाली.

"ठरला. मी चुकलो, लिहा ग्रुपवर."

"तू आहेस कुठे ग्रुपवर?"

"मग घ्या परत." ओग्न्यान रिकाम्या ताटांकडे बघत आपल्या खुर्चीत बसला. "मासे संपले वाटतं?"

"तुमचा झाकून ठेवलाय, भावजी," कालिना म्हणाली आणि ताट आणायला उठली.